पाखऱ्याचा दाखला

परवा लातूरला एका कॉलेजात सिनेमावर बोलायला गेले होते. पहिलाच प्रश्न आला, "मॅडम, पहिल्या फिल्मसाठी कॅमेरा कोणता घ्यावा?" मी म्हणाले, "कुठलाही घ्या, पण फ्रेममध्ये बैल येणार असेल तर आधी गुरांचा डॉक्टर गाठा." पोरं हसली. मला काही हसू आलं नाही. एका बैलाच्या दाखल्यापायी माझे सत्तेचाळीस दिवस गेलेत. अजूनही त्या तालुक्याच्या गावातून एसटी जायला लागली की मान आपोआप दवाखान्याच्या पायऱ्यांकडं वळते.

या धंद्यात सत्तावीस वर्षं झाली. आधी देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईच्या वाऱ्या आणि दुसऱ्यांच्या सेटवर क्लॅप, मग गावाकडं येऊन आपल्या बोलीतले सिनेमे. पटकथा, पैसा, कलाकार यांवर लोक तासन् तास बोलतात. मला त्यातलं आता फारसं आठवतसुद्धा नाही. झालं ते सगळं, जसं होतं तसं. आठवतो तो पाखऱ्या, तो बैल.

सिनेमा असा: दहा वर्षांची पोरगी, घरी ट्रॅक्टर येणार, म्हणून बाप यंदाच्या पोळ्यानंतर बैलजोडी विकणार. शेवट पोळ्याच्या मिरवणुकीत. गाव लातूर-नांदेडच्या शिवेवरचं, देवणी बैलांच्या मुलखातलं. साठ-सत्तर जोड्या सजवून उभ्या करायला माझ्या बापाचीही ऐपत नव्हती, म्हणजे खऱ्या पोळ्याच्या दिवशीच शूट करायचं. २०२४ साली पोळा २ सप्टेंबरला होता. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, आदल्या दिवसापासून मराठवाड्यावर आभाळ फाटलं होतं. खांदेमळणी, म्हणजे आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळायचे ते, आम्ही गोठ्यात कशीबशी उरकली. सकाळी डॉक्टरांचा फोन आला, "मॅडम, पुलावरून पाणी चाललंय. मी काही येत नाही."

आता हे डॉक्टर का पाहिजे होते, ते सांगते. सिनेमात प्राणी दाखवायचा तर प्राण्यांच्या खेळांच्या नोंदणीबाबतचे २००१ चे नियम लागू होतात. परवानगी शूटिंगच्या आधी काढायची, हरियाणातल्या बल्लभगडला भारतीय पशू कल्याण मंडळ आहे तिथून. नंतर त्या दृश्यांच्या क्लिप्स आणि पशुवैद्यकाचा दाखला पाठवायचा, मग ना-हरकत मिळते, आणि ती असेल तरच सेन्सॉरचं पुढं सरकतं. सुरुवातीला "कुठल्याही प्राण्याला इजा झालेली नाही" अशी पाटी टाकली की भागतं, असं खूप जणांना वाटतं. भागत नाही. बैल कॉम्प्युटरवर केला तरी सुटका नाही, तसं पडद्यावर लिहावं लागतं.

आधीची परवानगी मी काढली होती. डॉक्टर हजर नसताना थांबायला पाहिजे होतं. पण चारच्या सुमाराला पाऊस जरा विरळ झाला, ढगाखालून चांदीसारखा उजेड आला, आणि वेशीतून बैल निघाले. कॅमेरामननं माझ्याकडं बघितलं. मी "रोल" म्हणाले.

तो शॉट सिनेमातला सगळ्यात चांगला शॉट आहे. डोक्याला बाशिंग बांधलेला पाखऱ्या सरळ कॅमेऱ्याकडं येतो, शिंगांना लावलेलं हुरमुंज, म्हणजे लाल रंगाची पूड, पावसानं विरघळतं आणि लाल ओघळ कपाळावरून डोळ्याच्या कडेनं मानेवर उतरतात. एडिटवर तो शॉट बघून मी स्वतःवरच खूश झाले होते.

फेब्रुवारीत मंडळाचं पत्र आलं. त्यात मुद्द्याची एकच ओळ: अमुक मिनिटाला बैलाच्या डोक्यातून रक्त येताना दिसते, खुलासा करावा, चित्रीकरणावेळचा पशुवैद्यकाचा दाखला जोडावा.

प्रश्न चूक नव्हता. हरियाणात बसलेल्या माणसाला हुरमुंज काय माहीत! बैलमालकाला फोन लावला तर मामा म्हणाले, "रगत कुठलं आलंय ताई, रंग हाय तो. बोटाला लावून दाखवू का त्येन्ला?"

पहिली चूक अशी केली की गावाजवळच्या श्रेणी-२ च्या गुरांच्या दवाखान्यातून पशुधन पर्यवेक्षकाचा दाखला आणला. माणूस भला, त्यानं लगेच दिला. पण दाखल्यावर नोंदणीकृत पशुवैद्यकाची सही लागते, म्हणजे श्रेणी-१ चे पशुधन विकास अधिकारी. हे मला नऊ दिवसांनी कळलं. तुम्हाला आज कळतंय, तेवढे नऊ दिवस वाचले म्हणायचे.

मग तालुक्याचा दवाखाना. तालुका कुठला ते सांगत नाही. बाहेर लिंबाचं झाड, त्याखाली गुरं अडकवायचा लोखंडी खोडा, आत टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसलेले एक गृहस्थ.

"साहेब दौऱ्यावर हायेत."

"कधी येतात?"

"ते काय सांगून जातेत का मॅडम?"

हा संवाद आमच्यात अकरा वेळा झाला. एकदा साहेब लाळ-खुरकुताच्या लसीकरणाला, एकदा जिल्ह्याच्या मीटिंगला, एकदा आत्ताच गेले. एकदा तर गाडी दारात उभी आणि साहेब नाहीत. मी पायरीवर बसून सिनेमाचं पोस्टर फोनवर दुरुस्त करायची. शेजारी शेळ्या घेऊन आलेल्या बाया विचारायच्या, "तुमचं जनावर कुठंय?" काय सांगणार? जनावर हार्ड डिस्कमध्ये आहे.

साहेब भेटले तेव्हा मात्र त्यांनी चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं, "मॅडम, बैल आज आणा, आज तपासतो, आजचा दाखला देतो. पण सप्टेंबरात त्याच्या डोक्याला जखम नव्हती हे मी फेब्रुवारीत कसं लिहू?" बरोबर होतं त्यांचं. तरी राग यायचा तो आलाच. मी आणलेला सप्टेंबरातला फोटो त्यांनी मोठा करून बघितला आणि म्हणाले, "खरं सांगू का, मलाबी रक्तच वाटायलंय."

तरी बैल न्यायचं ठरलं. टेम्पो केला, मामांनी पाखऱ्याला आंघोळ घालून आणलं. तर कानात बिल्ला नाही. बारा अंकी पिवळा बिल्ला असतो तो, कुठंतरी काटेरी तारेत अडकून निघाला होता, कानाला नुसती भेग. "बिल्ल्याशिवाय हाच तो बैल कशावरून?" टेम्पो परत. भाडं माझं.

(मध्येच आठवलं म्हणून सांगते: गावकऱ्यांची संमतीपत्रं शूटच्या दिवशीच सही घेऊन ठेवा. नंतर कुणी ऊसतोडीला जातं, कुणी पुण्याला. आणि गिरणीचा आवाज, मोटारीचा आवाज, देवळातली घंटा हे सगळं माणसं गप्प असताना वेगळं रेकॉर्ड करून घ्या, डबिंगमध्ये सोनं होतं त्याचं.)

सुटलं ते मामांच्या बायकोमुळं. मी त्यांच्या ओसरीवर बसून बैलाच्या नावानं बोटं मोडत होते. मावशी आतून म्हणाल्या, "पोळ्याच्या दुसऱ्या दिशी त्येला दवाखान्यात नेलं नव्हतं का? पोट फुगलं होतं बघा." मामा ओशाळले. पोळ्याला पाखऱ्याला घरच्यांनी पुरणपोळ्या घातल्या, शेजाऱ्यांनी घातल्या, माझ्या युनिटमधल्या पोरांनीही घातल्या. रात्री बैल आडवा झाला. सकाळी पाणी ओसरल्यावर मामांनी त्याला तालुक्याला नेलं होतं. ही गोष्ट मला पाच महिने कुणी सांगितली नव्हती, कारण मी रागवेन म्हणून!

पुढच्या खेपेला मी दवाखान्यात जाऊन "साहेब आहेत का" असं विचारलंच नाही. सप्टेंबरची नोंदवही मागितली. वर्तमानपत्रवाले गृहस्थ पहिल्यांदा खुर्चीतून उठले. कपाटातून वही काढली, फुंकर मारली. ३ सप्टेंबर २०२४. मालकाचं नाव, गाव, बैल, देवणी, बिल्ला क्रमांकाचे बारा आकडे, तक्रार: पोटफुगी. पुढं औषध. खाली साहेबांचीच सही. बिल्ला तेव्हा कानात होता!

साहेब वही बघत बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हां, आठवला. ह्याच्या नाकातून नळी घालायला आम्ही चौघं धरत होतो. डोक्याला काही असतं तर हातालाच लागलं असतं." आणि हसून विचारलं, "पोटफुगी पुरणपोळीनं झाली, शूटिंगनं नाही, हेबी लिहू का?" मी म्हणाले, लिहा. लिहिलं त्यांनी. अर्ध्या तासात शिक्क्यासकट दाखला हातात. सोबत आम्ही हुरमुंजाची पुडी पाण्यात कालवतानाची एक मिनिटाची क्लिप जोडली. ना-हरकत आली. पुढं सेन्सॉरला एकही कट नाही, "यू" मिळालं.

पोळा, शंकरपट, जत्रा असलं काही शूट करणार असाल तर पशुवैद्यक आदल्या रात्रीच गावात मुक्कामाला आणून ठेवा. जेवणखाण, मानधन, सगळं बजेटमध्ये धरा. ते ड्रोनपेक्षा स्वस्त पडतं. बैलाचा बिल्ला दिसेल असा कानाचा क्लोजअप त्याच दिवशी, तारखेच्या पाटीसह घ्या. पटकथेत प्राणी किती आहेत ते आधी मोजा. माझ्या पटकथेत एक कुत्रं होतं, दोन ओळींचं काम. पाखऱ्यानंतर मी ते काढूनच टाकलं.

तसंच बिडीचं. पारावरचा म्हातारा बिडी ओढतो असं लिहायला सोपं. पण २०१२ पासून पडद्यावर तंबाखू दिसली की त्या दृश्यात खाली इशारा, शिवाय सुरुवातीला आणि मध्ये आरोग्याचा स्पॉट. ऐन हळव्या प्रसंगात खाली काळी पांढरी ओळ येते. मी माझ्या म्हाताऱ्याच्या हातात अडकित्ता दिला. सुपारी कातरताना तो नट बिडीपेक्षा चांगला दिसला, हे आपलं माझं मत.

एक राहिलंच. श्रेयनामावली डीसीपी, म्हणजे थिएटरला पाठवायची सिनेमाची डिजिटल प्रत, करायच्या आधी परक्या माणसाकडून वाचून घ्या. मी साहेबांचं नाव आभारात घातलं होतं. सिनेमा बघून त्यांचा फोन आला. खूश होते, पण म्हणाले, "मॅडम, मी एम.व्ही.एस्सी. आहे. तुम्ही एम.एस्सी. लिहिलंय." मधला "व्ही" गळाला होता. आता तो घालायचा तर नवी डीसीपी करावी लागेल, आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर सिनेमात काहीही बदललं की तेही कळवून मंजूर करून घ्यावं लागतं. मी त्यांना म्हणाले, "सर, कळवते." अजून कळवलेलं नाही.