साठ्याचे दिवस: ३२ आणि साडेएकोणीस

तेलशुद्धीकरण कारखान्याच्या कच्चे तेल खरेदी विभागात रोज सकाळी एक तक्ता तयार होतो. कोणत्या टाकीत किती माल आहे, कोणते जहाज कुठवर आले आहे, कोणते अजून भरायचे आहे, एवढे त्यात लिहिलेले असते, आणि अगदी शेवटच्या रकान्यात एकच आकडा असतो: साठा किती दिवस पुरेल. वर्षानुवर्षे हा तक्ता मी भरत आलो आहे, आणि १४ सप्टेंबर २०१९ पर्यंत त्या शेवटच्या रकान्यापाशी कोणी थांबल्याचे मला आठवत नाही.

त्या शनिवारी पहाटे सौदी अरेबियातील अबकैक आणि खुरैस येथील तेलकेंद्रांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा हल्ला झाला. अबकैक म्हणजे तेलविहीर नव्हे, आणि हेच बाहेरच्या माणसाला समजावून सांगावे लागते. जमिनीतून येणाऱ्या तेलात वायू विरघळलेला असतो, विषारी हायड्रोजन सल्फाइड असतो. तो काढून तेल स्थिर केल्याशिवाय ते जहाजात भरता येत नाही. हे काम करणारे जगातले सर्वांत मोठे केंद्र अबकैक आहे. एका पहाटेत दिवसाला ५७ लाख पिंपांचे उत्पादन थांबले, म्हणजे सौदीचे जवळजवळ निम्मे आणि जगाच्या पुरवठ्याचे सुमारे पाच टक्के. विहिरी शाबूत होत्या, बंदर शाबूत होते, मधला एक दुवा निखळला होता.

दुपारी मला कार्यालयात बोलावून घेतले गेले. शनिवार असल्याने बाजार बंद होता, आणि भाव कळत नसताना माणसे अधिक घाबरतात. वरिष्ठांचा पहिला प्रश्न होता, "आपल्याकडे दिवस किती आहेत?" सकाळच्या तक्त्यात उत्तर तयार होते: ३२. आमचा कारखाना दिवसाला दोन लाख पिंपे शुद्ध करतो. टाक्यांत २४ लाख पिंपे, म्हणजे १२ दिवस. शिवाय प्रत्येकी २० लाख पिंपांची दोन महाकाय जहाजे, म्हणजे आणखी २० दिवस. हा हिशेब चुकीचा नव्हता. नेहमीच्या दिवशी तो पुरेसा असतो.

मला मात्र तो पुरेसा वाटेना. कच्च्या तेलाच्या मोठ्या टाकीचे छत तेलावर तरंगत असते. तेल उतरले की छतही उतरते, पण ठरावीक पातळीखाली ते आपल्या पायांवर टेकते, आणि त्याखाली तेल ओढले तर छत आणि तेल यांमध्ये ज्वालाग्राही वाफेची पोकळी तयार होते. शिवाय तळाशी गाळ आणि पाणी साचलेले असते, आणि शोषण नळाचे तोंडही तळापासून काही उंचीवर असते. म्हणजे टाकीत दिसणारे सगळे तेल उपसता येत नाही. ही काही आमच्या कारखान्याची गुपिते नव्हेत. १९७३ च्या तेलसंकटानंतर, नोव्हेंबर १९७४ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने सदस्य देशांवर ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा ठेवण्याचे बंधन घातले, आणि तो साठा मोजताना ती संस्था याच कारणासाठी सरसकट १० टक्के वजा करते. देशांच्या हिशेबात जे मान्य आहे ते कारखान्याच्या तक्त्यात का येत नाही, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

मी टाकी विभागातल्या सर्वांत जुन्या अशा एका सहकाऱ्यांना फोन केला आणि हाताने मोजमाप घेण्याची विनंती केली. टाकीतली पातळी मोजणाऱ्या रडारचे आकडे पडद्यावर दिसत असताना शनिवारी संध्याकाळी टाक्यांवर चढायला कोणी तयार होत नाही. ते चढले. प्रत्येक टाकीत वजन लावलेली मोजपट्टी सोडून त्यांनी तेलाची आणि तळच्या पाण्याची उंची घेतली, आणि रात्री मला सांगितले, "तीन लाख तर धरूच नका. आणि परवा उतरवलेला माल अजून पाणी सोडतोय, ते दोन लाखही आत्ता चालवता येणार नाहीत." त्या दिवशी ज्यांनी आकड्याला हात लावून पाहिले असे ते एकटेच होते, आणि त्यांचे नाव कोणत्याही अहवालात आले नाही.

उरले १९ लाख, म्हणजे साडेनऊ दिवस. दोन जहाजांपैकी एक होर्मुझची सामुद्रधुनी, म्हणजे आखातातून बाहेर पडायची अरुंद वाट, ओलांडून आले होते. ते दहा दिवस खरे. दुसरे सौदीच्या रास तनुरा बंदरात भरायचे होते, आणि रास तनुराला पोहोचणारे बरेचसे तेल अबकैकमधून येते. ते धरण्यात अर्थ नव्हता. माझा आकडा आला साडेएकोणीस.

रविवारी सकाळी दोन्ही आकडे मी कारणांसह वरिष्ठांसमोर ठेवले. त्यांनी ते शांतपणे वाचले. वरच्या विभागाला सोमवारी ३२ कळवले गेले. नमुन्यात रकाना एकच आहे, ठरलेली पद्धत तीच आहे, आणि आज पद्धत बदलली तर अकारण घबराट होईल, हे त्यांचे म्हणणे होते. ते अप्रामाणिक गृहस्थ नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर काय केले असते, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे.

पण त्याच सोमवारी, त्याच खोलीत, दुसरा निर्णय झाला. बाजार उघडताच ब्रेंट तेलाचा (ज्यावरून जगातले बरेच सौदे ठरतात त्या तेलाचा) भाव पिंपाला शुक्रवारच्या सुमारे ६० डॉलरवरून काही मिनिटांत जवळजवळ ७२ डॉलरपर्यंत उसळला आणि दिवसअखेर ६९ वर थांबला. अमेरिकेच्या अध्यक्षांनी गरज पडल्यास राखीव साठा खुला करण्यास आदल्या दिवशीच मंजुरी दिली होती, तरीही भाव थांबला नाही. आमच्याकडे ठरले की पश्चिम आफ्रिकेचा हलक्या तेलाचा एक कार्गो, म्हणजे एक जहाजभर माल, तत्काळ घ्यायचा. बाहेर ३२ दिवस कळवायचे आणि आत एकही दिवस हाती नसल्यासारखी खरेदी करायची, या दोन गोष्टी एका तासात घडल्या, आणि त्यातली विसंगती कोणाला जाणवली असे चेहऱ्यांवरून वाटले नाही.

मी विरोध केला, आणि विरोधाचे कारण भाव हे नव्हते. अशा मालाची मूळ किंमत ब्रेंटशी जोडलेली, तरंगती असते. सौद्याच्या दिवशी पक्का होतो तो प्रीमियम, म्हणजे ब्रेंटच्या भावावर द्यायची जादा रक्कम, आणि त्या दिवशी विक्रेता मागेल तो प्रीमियम द्यावा लागणार होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आज घेतलेला पश्चिम आफ्रिकेचा माल पुढच्या महिन्यात भरला जातो आणि त्यानंतर काही आठवडे समुद्रात असतो. म्हणजे तो नोव्हेंबरच्या मध्यावर येणार होता. आमची अडचण, असलीच तर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली होती. वित्त विभागाच्या अधिकाऱ्यांनी मला विचारले, "मग काहीच करायचे नाही का?" या प्रश्नाला मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. संकटात काहीतरी केल्याचे दाखवावे लागते, हे मोठ्या संस्थांना आणि सरकारांना सारखेच लागू आहे.

त्या वेळी माझ्या डोक्यात १९७९ होते. इराणच्या क्रांतीनंतर जगाचा पुरवठा प्रत्यक्षात सुमारे चार टक्क्यांनीच घटला होता, तरी पुढच्या वर्षभरात भाव दुपटीहून अधिक वाढला, कारण प्रत्येक कंपनी आणि प्रत्येक देश उद्यासाठी आजच खरेदी करू लागला. टंचाईचा मोठा भाग साठवण करणाऱ्यांच्याच टाक्यांत जाऊन बसला होता. त्याआधी १९७३ मध्ये अरब उत्पादकांनी अमेरिका आणि नेदरलँड्स यांच्यावर तेल न विकण्याचा बहिष्कार घातला, पण तेल कंपन्यांनी जहाजे फिरवून तूट सगळ्यांत वाटून टाकली, त्यामुळे बहिष्काराचा नेम जसा साधायचा तसा साधला नाही. नेम साधला तो भावाने: पिंपाला सुमारे तीन डॉलरवरून जानेवारी १९७४ मध्ये ११.६५ डॉलर. जपानने नोव्हेंबर १९७३ मध्येच आपले पश्चिम आशियाविषयक धोरण अरब देशांकडे झुकते केले. ब्रिटनमध्ये, खाणकामगारांच्या लढ्याची जोड मिळून, कारखाने आठवड्यातून तीन दिवस चालवण्याची वेळ आली आणि फेब्रुवारी १९७४ च्या निवडणुकीत पंतप्रधान एडवर्ड हीथ यांचे बहुमत गेले. फ्रान्सने अणुवीज केंद्रांचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, ब्राझीलने १९७५ मध्ये उसाच्या अल्कोहोलचा. ज्या देशांकडे ना पैसा होता ना पर्याय, त्यांनी कर्ज काढून तेल घेतले. हे कर्ज पाश्चात्त्य बँकांनी दिले, आणि त्या बँकांत पैसा होता तेल विकणाऱ्या देशांचा. पुढे अमेरिकेत व्याजदर चढले तेव्हा त्या कर्जाचे ओझे कित्येक देशांना एक दशकभर वाहावे लागले.

हे सगळे मला पाठ आहे, आणि तरीही सोमवारच्या बैठकीत त्याचा उपयोग झाला नाही. कार्गो घेतला गेला.

मंगळवारी, १७ सप्टेंबरला, जेमतेम दहा दिवसांपूर्वी पदावर आलेले सौदीचे ऊर्जामंत्री राजपुत्र अब्दुलअझीझ बिन सलमान यांनी पुरवठा पूर्ववत झाल्याचे जाहीर केले. भाव लगेच उतरला आणि महिनाअखेरीस पुन्हा साठच्या आसपास आला. लोकांच्या दृष्टीने प्रकरण तिथे संपले.

आमच्या दृष्टीने त्याच आठवड्यात नवे सुरू झाले. विक्रेत्याने कळवले की आमच्या न भरलेल्या जहाजात ठरलेल्या अरब लाइट या सौदी तेलाऐवजी अरब हेवी या दुसऱ्या प्रकारचे तेल मिळेल. पिंपे तेवढीच, वीस लाख. वर्तमानपत्री भाषेत पुरवठा अबाधित. पण अरब हेवी अधिक जड आणि अधिक गंधकयुक्त असते. त्यातून तळाशी उरणारा जड भाग जास्त निघतो आणि डिझेल कमी. आमचे गंधक काढणारे युनिट त्याला पुरे पडत नाही, म्हणून प्रक्रियेचा वेग दिवसाला १ लाख ६० हजारांवर आणावा लागणार होता. मी तक्ता भरला आणि थबकलो: त्या जहाजाचे दहा दिवस आता साडेबारा झाले होते. डिझेल घटले होते आणि रकान्यातले दिवस वाढले होते. २०११ मध्ये लिबियाचे हलके, कमी गंधकाचे तेल बंद झाले तेव्हा युरोपच्या कारखान्यांना हाच अनुभव आला होता. जगात तेल होते, त्यांना चालणारे तेल नव्हते, आणि जूनमध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेला सहा कोटी पिंपांचा राखीव साठा बाहेर काढावा लागला. पिंप हे एकक किती फसवे आहे, हे मी नव्या सहकाऱ्यांना आजही याच दोन उदाहरणांनी शिकवतो.

घेतलेल्या आफ्रिकी कार्गोसाठी जहाज ठरवायला आमच्याकडून उशीर झाला. २५ सप्टेंबरला अमेरिकेने इराणी तेल वाहिल्याच्या आरोपावरून एका मोठ्या चिनी जहाजसमूहाच्या उपकंपन्यांवर निर्बंध घातले आणि टँकरचे भाडे अकल्पित वाढले. प्रीमियम आणि भाडे मिळून तो माल वर्षातला आमचा सर्वांत महाग माल ठरला. या खर्चाची चौकशी झाली. ३२ या आकड्याची झाली नाही.

२०२२ मध्ये श्रीलंकेच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा मी पुन्हा त्या तक्त्याकडे वळलो. इंधनाने भरलेली जहाजे किनाऱ्याजवळ उभी होती आणि माल उतरवून घ्यायला देशाकडे डॉलर नव्हते. जूनअखेरीस इंधन फक्त अत्यावश्यक सेवांपुरते ठेवले गेले, जुलैमध्ये राष्ट्राध्यक्षांना देश सोडावा लागला. माझ्या साडेएकोणीसमध्येही पैसे चुकते होतील हे गृहीत होते, ते मी कुठेही लिहिले नव्हते. तेव्हापासून माझ्या स्वतःच्या वहीत तीन रकाने आहेत: कागदावरचे दिवस, उपसता येणारे दिवस आणि पैसे तयार असलेले दिवस.

तरीही माझे मन त्या शनिवारच्या रात्रीपाशीच अडते. दुरुस्ती लवकर झाली म्हणून ३२ कळवणारे बरोबर ठरले असे मी मानत नाही, आणि ती रखडली असती तर मी बरोबर ठरलो असतो, असेही छातीठोक म्हणवत नाही. त्या रात्रीपासून साडेएकोणीस दिवस मोजले की ४ ऑक्टोबरची सकाळ येते. आफ्रिकेचे जहाज नोव्हेंबरच्या मध्यावर यायचे होते. मधल्या सहा आठवड्यांत काय करायचे, हा प्रश्न सोमवारच्या बैठकीत कोणी विचारला नाही. माझ्यासमोर दोन्ही तारखा लिहिलेल्या होत्या, आणि मीही विचारला नाही.