ओटीतले ब्लाऊजपीस आणि वाणाचे नॅपकिन – माझा अनुभव

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काय लुटायचं हे डिसेंबरपासूनच डोक्यात होतं. प्लॅस्टिकचे डबे, स्टीलच्या वाट्या प्रत्येकीकडे पडून असतात, मला अशी वस्तू द्यायची होती जी रोज हातात येईल. माझं माहेर सोलापूर, त्यामुळे टेरी (उभ्या फाशांचे) टॉवेल घरचेच, दिवाळीला गेले तेव्हा २४ साधे पांढरे नॅपकिन घेऊन आले, १६ बाय २४ इंचाचे. आणि कपाटात ओटीत आलेले ब्लाऊजपीस होते, मोजले तर ३१ निघाले! शिवणं होत नाही, एका ओटीतून दुसऱ्या ओटीत जातात. म्हटलं, यांच्याच पट्ट्या कापून नॅपकिनला लावू.

पीस पसरून बसले तर सासूबाई शेजारी येऊन बसल्या, म्हणाल्या, "अगं, देवीच्या प्रसादाचे आहेत यात, त्याला ओले हात पुसायचे का?" मला ते पटलं. त्यांनीच आठवून आठवून वेगळे काढले, तुळजापूरचा एक, कोल्हापूरचे दोन, त्यांची चौरंगासाठी आसनं शिवणार आहे.

उरलेल्यात सुती कुठले ते बघितलं. कडेचा धागा काढून जाळायचा, कागदासारखी राख झाली तर सुती, कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. पॉलिस्टर पाणी टिपत नाही आणि गरम इस्त्रीला चिकटतं, म्हणून ते सगळे बाजूला. सुती खण आणि टू बाय टू (ब्लाऊजचं साधं सुती कापड) मिळून सात रंग हाती लागले.

पहिला नॅपकिन उत्साहात तसाच शिवला, हिरव्या खणाची पट्टी, इतका सुंदर दिसत होता की लगेच सगळ्यांना फोटो पाठवले. मग धुतला. टॉवेल आटला, खण तेवढा आटला नाही आणि पट्टीला अशा चुण्या पडल्या की इस्त्रीनेही जाईनात. फार वाईट वाटलं, पण तेव्हा कळलं की दोन्ही आधी धुवायलाच हवेत. मग सगळे नॅपकिन दोनदा धुतले, १६ इंचाचे साडेपंधरा झाले. शिवाय कोरा टॉवेल पाणी नीट टिपत नाही, धुतल्यावरच टिपायला लागतो, त्यामुळे तसंही ते बरंच झालं. कपडे मऊ करायचं लिक्विड मात्र घालू नका, टिपणं कमी होतं.

पीस वेगवेगळे भिजवले. लाल खण मीठ घालून ठेवला तरी तिसऱ्या दिवशीही पाणी गुलाबीच, पांढरा रुमाल ओला करून त्यावर घासला तर रुमालही गुलाबी. जीवावर आलं पण तो लाल बाद केला, दुसऱ्याच्या घरी पांढरा टॉवेल डागाळला तर काय उपयोग.

पट्टी साडेतीन इंच रुंद आणि साडेसोळा लांब कापली, चारही बाजूंनी अर्धा इंच आत दुमडून इस्त्री केली. ८० सेंटिमीटरच्या पिसात १६-१८ पट्ट्या आरामात बसतात. नॅपकिनच्या टोकाजवळ जी सपाट विणीची पट्टी असते ना, बरोबर त्यावर ही ठेवायची, म्हणजे मशीन टेरीच्या फाशांत अडकत नाही आणि हात पुसायला वरचा सगळा भाग मोकळा राहतो. काहीजणी मधोमध मोठं फूल लावतात, मला ते आवडत नाही, टॉवेल आधी टॉवेल राहिला पाहिजे.

टाचण्या टेरीत सरकतात, म्हणून आधी कच्चे टाके घातले. सुई १६ नंबरची, टीप मोठी, वर पट्टीच्या रंगाचा दोरा नि बॉबिनला पांढरा, म्हणजे मागून टीप उठून दिसत नाही. टॉवेलचा भुगा खूप पडतो, दर चार नॅपकिननंतर बॉबिनकेस काढून ब्रशने साफ करत होते, एकदा विसरले तर दोरा सारखा तुटायला लागला. पहिल्या नॅपकिनला तास लागला होता, शेवटी शेवटी वीस मिनिटांत एक होत होता.

रथसप्तमीपर्यंत २१ लुटले, सोबत तिळगूळ. जाऊबाईंनी दोन्ही टोकांना पट्टी लावून मागितलीय, ती अजून शिवायचीय. दोन घरी ठेवलेत आणि महिनाभर रोज धुतेय. हिरवा जरासा फिका झालाय, पण पट्टीला एकही चुणी नाही.