सोळाचा आकडा

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गरोदर बायका बहुधा चष्म्याचा नंबर वाढल्याची तक्रार घेऊन येतात. या काळात शरीरात पाणी साठून कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, किंचित जाड होतो आणि नंबर तात्पुरता हलतो, म्हणून नवा चष्मा शक्यतो बाळंतपणानंतरच देतो. कळव्याहून सासूबाईंबरोबर आलेल्या, आठव्या महिन्यातल्या एका तरुणीचीही तीच तक्रार होती. मात्र पिनहोलमधून, म्हणजे बारीक छिद्रातून बघूनही तिला उजव्या डोळ्याने तक्त्यावरची 6/18 च्या खालची ओळ वाचता येईना; दोष नुसत्या नंबरचा असता, तर अक्षरे स्पष्ट व्हायला हवी होती.

डोळ्याचा दाब घेताना पोट आड येत होते. हनुवटी टेकवायला ती पुढे वाकून श्वास रोखत होती, आणि अशा वेळी दाब हमखास जास्त येतो. तो 19 आला. खुर्ची तिरकी केली, टेबल वर घेतले, "ताई, श्वास सोडा, अंग सैल ठेवा" असे सांगितले. मग दाब मोजताना निळ्या प्रकाशात दिसणारी दोन हिरवी अर्धवर्तुळे आतल्या कडांनी नेमकी भिडली, तेव्हा आकडा 16 होता. हवेचा झोत मारून आकडा छापून देणाऱ्या यंत्रावरच सगळे सोपवले, की रुग्णाने श्वास रोखला आहे का, हे बघायला कोणी थांबत नाही.

"म्हणजे प्रेशर नॉर्मल आहे ना?" सासूबाईंनी विचारले.

"काकू, हा डोळ्याचा दाब आहे, रक्ताचा नाही."

10 ते 21 या मर्यादेत 16 निर्धोकच. पण लग्नाआधीच्या तिच्या कागदावरही 16 च होता. गरोदरपणाच्या उत्तरार्धात डोळ्यातील द्रवाचा निचरा सुलभ होऊन दाब साधारणपणे पाऱ्याच्या दोन-तीन मिलिमीटरने उतरतो, आणि रक्तदाब वाढलेल्या स्त्रियांत ही घट कमी आढळते. तरीही एवढा फरक सकाळ-संध्याकाळच्या मोजमापातही पडतो, त्यामुळे त्यावरून निदान करता येत नाही. मोतीबिंदूच्या रुग्णांसाठी ठेवलेले रक्तदाबाचे यंत्र मागवले. 168/112. प्रसूतिगृहाच्या जाडजूड फाईलमध्ये सोनोग्राफीचे सारे फोटो होते, पण शेवटच्या भेटीचा रक्तदाबाचा रकाना कोरा होता. याचा मला अजूनही संताप येतो.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या (रेटिनावरच्या) धमन्या आकसल्या होत्या, कापसासारखे ठिपके होते आणि उजव्या डोळ्यात मध्यभागी पडद्याखाली पाणी साचले होते. फोन करून तिला लगेच रुग्णालयात पाठवले. तिथे लघवीत प्रथिने सापडली, प्रीएक्लॅम्प्सियाचे, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून होणाऱ्या गंभीर विकाराचे निदान झाले, झटके टाळणारे मॅग्नेशियम सल्फेट सुरू झाले आणि प्रसूती लवकर करावी लागली. पडद्याखालचे असे पाणी प्रसूतीनंतर बहुधा आपोआप जिरते, तसे ते जिरले. काही आठवड्यांनी ती 6/6, म्हणजे सामान्य नजरेची ओळ, वाचू लागली.

तेव्हाही डोळ्याचा दाब 16 च होता. गरोदरपणात तो उतरलाच नव्हता, की आधी उतरून रक्तदाबाबरोबर पुन्हा चढला, हे सांगायला मधल्या महिन्यांतले एखादे मोजमाप हवे होते. ते कोणी घेतलेले नाही, कारण काचबिंदू नसलेल्या गरोदर स्त्रीच्या डोळ्याचा दाब सहसा कोणी मोजतच नाही.