बसलेल्या हरणासाठी जागा

बागेसाठी प्राण्याचे शिल्प घ्यायचे ठरवले तेव्हा मी आधी शिल्प आणले आणि मग त्याच्यासाठी जागा शोधू लागले. ते शिल्प रेझिनमध्ये ओतलेल्या, वरून रंगवलेल्या एका सशाचे होते. बारा महिने उघड्यावर राहिला तरी त्याला काही होणार नाही, असे विक्रेत्याने ठामपणे सांगितले होते आणि मी त्याच्या शब्दावर विसंबले. दुसऱ्याच वर्षी सशाच्या उन्हाकडच्या बाजूचा रंग खडूच्या भुकटीसारखा हाताला लागू लागला, तळाला केसाएवढी चीर पडली, आणि त्या चिरेतून पोकळ पोटात शिरलेले पाणी ससा हलवला की आत डचमळत असे. उन्हातील अतिनील किरणांमुळे रेझिनचा पृष्ठभाग हळूहळू खराब होतो, हे मला नंतर समजले. पण माझी खरी खंत वेगळी होती. नवा असतानाही तो ससा बागेत कधी शोभला नव्हता. दुकानातल्या फळीवर तो ठसठशीत वाटला होता. मोकळ्या आकाशाखाली, झाडांच्या शेजारी आल्यावर मात्र कोणीतरी विसरून गेलेल्या खेळण्यासारखा दिसू लागला. छताखाली पाहिलेली वस्तू उघड्यावर बरीच लहान भासते, ही गोष्ट मला त्या सशाने शिकवली.

म्हणून दुसऱ्या वेळी मी क्रम उलटा केला. मनात हरीण होते, पण हरणाच्या शोधात निघण्याआधी मी जुन्या खोक्यांचे पुठ्ठे एकमेकांवर बांधून साधारण त्या मापाचा एक ठोकळा तयार केला आणि तो बागेत निरनिराळ्या ठिकाणी ठेवून पाहिला. पहिली जागा हिरवळीच्या मधोमध होती. तिथे तो ठोकळा सगळीकडून दिसत होता, पण त्याला कशाचाही आधार नव्हता, आणि पाठीमागे काहीच नसल्यामुळे नजर त्याच्यावर ठरत नव्हती. दुसरी जागा मोठ्या झाडाच्या बुंध्यालगत होती. ती पहिल्या दिवशी फार आवडली, पण आठवड्याभरात पुठ्ठ्यावर पक्ष्यांची विष्ठा, चिकट डिंक आणि कुजलेल्या पानांचे तपकिरी डाग इतके साचले की दगडाचेही हेच होणार, हे उघड झाले. शिवाय झाडाची मुळे जाड होत गेली की चौथरा एका बाजूने उचलला जाण्याची भीती होतीच. तिसरी जागा पायवाटेच्या वळणापलीकडे, दाट पानांच्या झुडपांपुढे होती. तिथे सकाळचे ऊन डावीकडून तिरपे येई आणि दुपारनंतर सावली पसरे. तो ठोकळा मी तिथे पंधरा दिवस राहू दिला, आणि रोज सकाळी खिडकीतून त्याच्याकडे पाहताना डोळा आपोआप तिथेच जातो, हे लक्षात आल्यावर जागा पक्की केली.

तिरप्या उजेडाचे महत्त्व मला घरातल्या एका छोट्या ब्राँझच्या पक्ष्यामुळे आधीपासून ठाऊक होते. तो दिव्याच्या थेट समोर असताना त्याची पिसे सपाट दिसत. खिडकीच्या बाजूच्या फळीवर हलवला आणि उजेड कडेने पडू लागला, तेव्हा तीच पिसे एकेक करून मोजता येऊ लागली. घडीव शिल्पाचा सगळा जीव उंचसखलपणात असतो आणि तो सावलीशिवाय दिसत नाही. बागेतल्या जागेची निवड करताना मी सर्वांत जास्त वजन याच गोष्टीला दिले, आणि आजही मला तेच योग्य वाटते.

जागा ठरल्यावर मी मूर्तिकाराकडे गेले. मला उभे हरीण हवे होते, बारीक पायांचे, मान उंचावलेले. त्यांनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, दगडात हे पाय टिकायचे नाहीत. बसलेलं घ्या, नाहीतर धातूचं घ्या." दगड दाब उत्तम पेलतो, पण वाकवणारा ताण त्याला सोसत नाही, आणि चार काड्यांसारख्या पायांवर जड धड तोलणे म्हणजे त्याला नेमका तोच ताण देणे. ग्रीक ब्राँझशिल्पांच्या ज्या संगमरवरी प्रती रोमन काळात घडवल्या गेल्या, त्यांत पायांशेजारी अनेकदा झाडाचा बुंधा कोरलेला आढळतो, तो याच कारणाने: धातूला जे जमले ते संगमरवराला जमत नव्हते. धातूतही हे काम सोपे नसते. माद्रिदमध्ये स्पेनचा राजा चौथा फिलिप याचा अश्वारूढ ब्राँझपुतळा आहे, जो पिएत्रो ताक्का या शिल्पकाराने १६४० साली पूर्ण केला. त्यातला घोडा मागच्या पायांवर उभा आहे आणि तो तोल साधण्यासाठी शेपटीचाही आधार घेतलेला आहे. ओतीव ब्राँझ माझ्या आवाक्याबाहेरचे होते. फायबरचे उभे हरीण हलके मिळाले असते, पण वाऱ्यात ते कलंडू नये म्हणून जमिनीत जखडावे लागले असते, आणि सशाच्या अनुभवानंतर माझे मन तिकडे वळत नव्हते.

बसलेल्या हरणांमध्येही निवड करणे आवश्यक होते, कारण तयार शिल्पांपैकी कितीतरी शिल्पांत हरीण कुत्र्यासारखे पुढचे दोन्ही पाय लांबवून बसवलेले असते. हरणे रवंथ करणारी आहेत; गुरांप्रमाणेच ती बसताना पुढचे पाय सहसा गुडघ्यात दुमडून पोटाखाली घेतात. ही चूक एकदा दिसली की ते शिल्प माझ्यासाठी संपते. मला जे अखेर आवडले त्यात पाय नीट दुमडलेले होते, मान थोडी मागे वळलेली होती, आणि एक कान पुढे तर दुसरा मागच्या दिशेने फिरवलेला होता. हरीण दोन्ही कान स्वतंत्रपणे वळवू शकते, आणि विसावलेले असतानाही मागची चाहूल घेत असते. घडवणाऱ्याने ते निरखले होते. अंगावर केसांची एकही रेघ मात्र कोरलेली नव्हती. मला यात उणीव वाटली नाही. फ्रांस्वा पोम्पोन या फ्रेंच शिल्पकाराचे पांढरे अस्वल १९२२ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आले, त्याच्याही अंगावर केस नाहीत, केवळ गुळगुळीत आकार आणि चाल आहे, आणि तरी ते अस्वलच आहे. उघड्यावरच्या शिल्पात बारीक रेघा लवकर मळतात व झिजतात, तेव्हा ज्याचा आकारच बोलका आहे ते शिल्प निवडावे, असे माझे मत आहे.

दगड कोणता, यावर मी बराच विचार केला. ग्रॅनाइट सर्वांत टिकाऊ, पण मला मिळत असलेला ग्रॅनाइट काळपट होता आणि गर्द झुडपांपुढे तो सावलीत विरून गेला असता. संगमरवर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. आम्ल लागले की तो विरघळू लागतो, आणि हवेतील प्रदूषणाने आम्लधर्मी झालेले पावसाचे पाणीही त्याचा चकाकता थर खाऊन टाकते. भाजलेल्या मातीचे शिल्प फार देखणे होते, परंतु ते पाणी शोषते, आणि जिथे थंडीत पाणी गोठते तिथे गोठताना ते सुमारे ९ टक्क्यांनी फुगून मातीचे पापुद्रे उडवते. शेवटी मी बारीक कणांचा, फिकट पिवळसर वालुकाश्म घेतला. त्याच्यावर पाण्याचे थेंब टाकून ते किती वेळात मुरतात हे पाहिले, आणि लाकडी हातोडीने जागोजागी हलकेच ठोकून आवाज ऐकला. सलग दगड खणखणीत वाजतो आणि आत चीर असली की आवाज बद्द येतो. वालुकाश्म थराथरांनी बनलेला असतो, म्हणून ते थर शिल्पात आडवे आहेत ना, हेही विचारून घेतले. थर उभे ठेवले तर पावसापाण्याने पुढचा थर पापुद्र्यासारखा सुटू शकतो.

वजनाचा अंदाज घेतल्याशिवाय पायाचे काम काढायचे नव्हते. शिल्प ७५ सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि ६० उंच होते. एवढ्या मापाच्या पेटीचा साधारण निम्मा भाग दगडाने भरलेला आहे असे धरले आणि वालुकाश्माचे वजन घनमीटरला २,३०० किलो मानले, तर ते १५५ किलोच्या आसपास येत होते. प्रत्यक्षात काट्यावर १६२ किलो भरले. गवंड्याने ३० सेंटीमीटर खोल खड्डा घेतला, तळाशी खडी घालून ती चोपून बसवली आणि वर काँक्रीटचा थर ओतला. तो थर आम्ही सात दिवस पाण्याने ओला ठेवला, आणि त्यावर वजन ठेवायला पूर्ण २८ दिवस थांबलो, कारण काँक्रीटची ठरलेली ताकद या मुदतीला धरली जाते. वर २० सेंटीमीटर उंचीचा ग्रॅनाइटचा चौथरा आला. ग्रॅनाइट फारसे पाणी शोषत नाही, त्यामुळे जमिनीतला ओलावा आणि त्यासोबत येणारे क्षार हरणाच्या पोटापर्यंत चढत नाहीत.

शिल्प चौथऱ्याला जोडण्यासाठी गवंड्याने साध्या लोखंडी सळईचे दोन तुकडे काढून ठेवले होते. इथे मात्र मी अडून बसले. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन संगमरवरी मंदिरावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झालेल्या दुरुस्तीत संगमरवराचे तुकडे लोखंडी पट्ट्यांनी जोडले गेले. ते लोखंड गंजून फुगले आणि त्याने तो संगमरवर आतून फोडला. प्राचीन ग्रीक कारागिरांनीही लोखंडच वापरले होते, पण त्याच्याभोवती वितळलेले शिसे ओतून ते झाकले होते. १९७५ साली समिती नेमल्यावर जी नवी दुरुस्ती झाली, तिच्यात टायटॅनियम हा न गंजणारा धातू वापरला गेला. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो आणि बंद भोकात त्याला दगड फोडण्यावाचून मार्ग उरत नाही. गवंड्याने हे सगळे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी स्टेनलेस स्टीलचे १२ मिलिमीटर जाडीचे दोन दांडे आणले. सांध्यात सिमेंटऐवजी चुना वापरायचे त्याने स्वतःहून सुचवले, कारण सांधा दगडाहून कठीण असला की झीज दगडाच्या वाट्याला येते.

हरीण आले त्या दिवशी चौघे जण, लाकडी फळ्या आणि लोखंडी नळ्या असा सरंजाम होता. उतरवताना एकाने दोर मानेभोवती टाकला आणि मी जवळजवळ ओरडलेच. मान आणि कान हे उचलण्याचे भाग नव्हेत. पट्टा पोटाखालून, दुमडलेल्या पायांच्या मागून घ्यावा लागतो आणि जिथे तो दगडाला घासेल तिथे जाड गोणपाट द्यावे लागते. नळ्यांवरून फळी सरकवत त्यांनी ते चौथऱ्यापर्यंत नेले, आणि शेवटची हातभर उंची चढवायला साखळीची कप्पी लावली.

दांडे पक्के करण्याआधी शिल्प काही दिवस नुसतेच ठेवायचे, असे मी आधीच सांगितले होते, आणि त्याचा मोठा उपयोग झाला. पायवाटेवरून येणाऱ्याला चेहरा समोरून दिसावा म्हणून मी तो वाटेकडे केला होता. पण हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात; समोरून पाहिले तर एकही डोळा नीट दिसत नाही, अरुंद कपाळ आणि नाकपुड्याच तेवढ्या नजरेत भरतात. त्यातच आई खिडकीतल्या तिच्या खुर्चीवरून म्हणाली, "अगं, दिवसभर मी बसते इथे, आणि मला याची नुसती पाठच दिसते." मग आम्ही पहारीने ते तसूतसूने फिरवले. मी वाटेवर उभी, आई खिडकीत, आणि गवंडी आम्हा दोघींचे ऐकत. साधारण पाव वळणावर डोळा आणि मागे फिरवलेला कान दोन्ही ठिकाणांहून दिसू लागले. आता हरणाची पाठ झुडपांकडे आणि नजर मोकळ्या हिरवळीकडे आहे. खरे हरीणही विसाव्याला अशीच जागा पाहते, मागे आडोसा आणि पुढे दूरवर दृष्टी, आणि त्यामुळेच बहुधा ते तिथे आणून ठेवल्यासारखे वाटत नाही.

आणखी आठ दिवसांनी दांडे चुन्यात बसवले. पायथ्याशी उंच वाढणारे काही लावले नाही, फक्त जमिनीलगत पसरणारी वनस्पती लावली आणि तीही चौथऱ्यापासून वीतभर अंतर सोडून, म्हणजे दगडाला वारा लागत राहील.

पहिल्या मोठ्या पावसानंतर एक गोष्ट उघडी पडली, जी कोरड्या दिवसांत कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. दुमडलेला मागचा पाय आणि पोट यांच्यामध्ये एक खळगा होता, आणि त्यात ओंजळभर पाणी साचून राहिले होते. दगडासाठी ते वाईट होतेच, शिवाय एवढेसे साचलेले पाणीही डासांना पुरते, आणि अंड्यापासून डास उडायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरेसे होतात. मी मूर्तिकारांना फोन केला. ते छिन्नी घेऊन स्वतः आले, हरणाजवळ उकिडवे बसले, आणि मांडीच्या घडीत, जिथे सावली पडते तिथे, करंगळीएवढ्या रुंदीची एक उतरती पन्हळ त्यांनी कोरली. ती घडीचाच भाग वाटावी म्हणून तिच्या कडा त्यांनी बराच वेळ पॉलिशच्या दगडाने घासल्या. मग मी तांब्याने पाठीवर पाणी ओतले. ते कण्यावरून दोन्ही बाजूंना ओघळले, खळग्यात क्षणभर थबकले आणि पन्हळीतून चौथऱ्यावर, चौथऱ्यावरून मातीत उतरले.