फॅट, टेस्टोस्टेरॉन आणि तेलाची बाटली: माझा अनुभव

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कोलेस्टेरॉलपासून बनतं, म्हणून फॅट जास्त खा, हा सल्ला मला कधीच पटला नाही. लागणारं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं, आणि टेस्टोस्टेरॉन किती बनवायचं याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच या हार्मोनमार्फत वृषणांना देते. पण फॅट पार तोडणंही महागात पडू शकतं. नियंत्रित आहाराच्या काही प्रयोगांत फॅट एकूण कॅलरींच्या ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आसपास आणल्यावर टेस्टोस्टेरॉन साधारण १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. प्रयोग छोटे होते, तेव्हा आकडा जपूनच घ्यावा.

मी ३० टक्के धरून चाललो. रोजच्या २,४०० कॅलरींत ३० टक्के म्हणजे ७२० कॅलरी. १ ग्रॅम फॅटच्या ९ कॅलरी, म्हणजे ८० ग्रॅम. २० टक्के धरले तर जेमतेम ५३. हिशेब हमखास फसतो तो तेलात. चमच्याने मोजून तेल घालणारे विरळाच; बाकी सगळे धार सोडतात. त्यामुळे बाटली सकाळी आणि रात्री काट्यावर ठेवायची, वजनातल्या फरकाला जेवणाऱ्यांच्या संख्येने भागायचं. तेल म्हणजे निव्वळ फॅट, वेगळं गणित नको. तळण असेल त्या दिवशी कढईत उरलेलं वजा करायचं.

सॅच्युरेटेड फॅट १० टक्क्यांच्या आत, म्हणजे २७ ग्रॅमपर्यंत. उरलेलं तेलं, सुकामेवा, तेलबिया, मासे यांतून. ट्रान्स फॅट जवळपास शून्य.

फॅट वाढवताना दुसरीकडे कापावं लागतं: २० ग्रॅम फॅट वाढलं तर कर्बोदकं ४५ ग्रॅमने कमी. नुसतं वर ओतलं की पोट सुटतं आणि डाव उलटतो. चरबीच्या पेशींतलं अरोमाटेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन) करतं, एसएचबीजी हे रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन घसरतं आणि रिपोर्टमध्ये एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं. वजन जास्त असेल तर टक्केवारीच्या कुस्तीपेक्षा वजन उतरवणंच जास्त कामाचं.

टेस्टोस्टेरॉन तपासायचं तर रक्त सकाळी ७ ते १० च्या दरम्यान द्यायचं, उपाशीपोटी. जेवणानंतर आकडा पडतो, दुपारीही पडतो. जागरण किंवा तापानंतर तर तपासूच नये. केसांच्या गोळ्यांतलं बायोटिन काही चाचण्यांत आकडा खोटाच फुगवतं, म्हणून लॅबला विचारून आधी बंद करायचं. पहिला रिपोर्ट कमी आला तर वेगळ्या दिवशी पुन्हा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. सोबत एसएचबीजी, एलएच आणि प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच आणखी एक हार्मोन). दोन्ही वेळा टेस्टोस्टेरॉन ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि एलएच चढलेलं, तर बिघाड वृषणांत. एलएचही कमी किंवा नॉर्मलच, तर पिट्युटरीकडे, औषधांकडे किंवा लठ्ठपणाकडे बघावं लागतं. दोन्ही बाबतींत पुढचं काम एंडोक्रिनॉलॉजिस्टचं, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांचं. मूल हवं असेल तर ते आधी सांगायचं, कारण बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने शुक्राणू बनणं बंद पडू शकतं.