घाटेअळीशेजारचा करडा कोष

हरभरा फुलोऱ्यात येताना मी घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीविरुद्ध सगळी भिस्त ट्रायकोकार्डांवर, म्हणजे ज्यांतून ट्रायकोग्रामा माश्या बाहेर पडतात अशा अंडी चिकटवलेल्या कार्डांवर, ठेवली होती. ट्रायकोग्रामा ही अर्ध्या मिलिमीटरची माशी घाटेअळीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते, म्हणजे अळी बाहेर पडतच नाही. ऊन टाळून संध्याकाळी कार्डं पानांच्या खालच्या बाजूला टाचली. तरी आठवड्याभरात शेंड्याची पानं खरवडलेली दिसू लागली.

कार्डं वाईट नव्हती, पीक वेगळं होतं. हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक केसांतून आंब पाझरते. तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. एवढ्याशा माशीला त्या चिकट, आंबट थरावर फिरून अंडी शोधणं जमत नाही. हे आधी विचारलं असतं तर हंगामाची सुरुवात वाया गेली नसती, याचं अजून वाईट वाटतं.

कीटकनाशक फवारायचं ठरवलंच होतं. त्याआधी अळ्या मोजायला ओळींत बसलो, तेव्हा एका पानावर अळीची वाळलेली कातडी आणि तिला चिकटून काळे ठिपके असलेला करडा, लांबट कोष दिसला. मग तसे बरेच सापडले. एक कोष पानासकट बाटलीत ठेवून तोंडाला पातळ कापड बांधलं. काही दिवसांत तांबूस पायांची सडपातळ काळी माशी बाहेर आली. ती होती कॅम्पोलेटिस क्लोरिडी. ही माशी लहान अळीच्या अंगात अंडं घालते. अळी थोडे दिवस जगते, पण खाणं मंदावतं, आणि घाटे पोखरण्याएवढी मोठी होण्याआधीच ती मरते. म्हणजे पानं थोडी जातात, घाटे वाचतात. मी तेव्हा कीटकनाशक मारलं असतं तर शेतात आपणहून आलेल्या या माश्याच आधी मेल्या असत्या.

कीटकनाशकाचा बेत सोडला. दर तिसऱ्या दिवशी दहा ठिकाणी जिवंत अळ्या आणि कोष वेगवेगळे मोजले. मोठ्या अळ्या हाताने वेचल्या. जिथे अळ्या जास्त होत्या तिथे एनपीव्ही हा अळ्यांना रोग लावून मारणारा विषाणू संध्याकाळी फवारला, कारण उन्हात तो लवकर निकामी होतो. त्याने मेलेल्या अळ्या फांदीला उलट्या लटकतात. माश्यांना त्याची लागण होत नाही. पक्ष्यांसाठी टी आकाराचे थांबेही रोवले. दाणे भरू लागताच ते काढावे लागतात, नाहीतर पक्षी अळ्या सोडून दाण्यांवर येतात.

काही घाट्यांना भोकं पडलीच. पण सगळं शेत फवारण्याची वेळ आली नाही.

पुढच्या हंगामात हरभऱ्याच्या ओळींमध्ये धने पेरले. प्रौढ कॅम्पोलेटिसला फुलांतला मकरंद लागतो, आणि धन्याची बारीक, उघडी फुलं तिच्या तोंडाला सोयीची असतात. धने हरभऱ्यासोबतच पेरले, म्हणजे अळ्या लहान असतानाच फुलं हाताशी येतात. खुरपताना करडा कोष दिसला, तर ते झाड मी हलवतसुद्धा नाही.