पिवळा आधी

आजचा दिवस पानगळीच्या कार्डाचा. टेबलावर पिवळा, नारिंगी, तांबडा आणि तपकिरी असे शाईचे चार पॅड, पानांचे तीन शिक्के आणि बाजूला कच्च्या कागदांची चळत. ही चळत चांगल्या कागदाइतकीच लागते. प्रत्येक ठसा आधी तिच्यावर उठवून बघायचा, मगच कार्डावर.

रंग कुठल्या क्रमाने चढवायचे हे ठरवायला खरं गळलेलं पान समोर असावं. पान पिवळं पडतं तेव्हा पिवळा रंग बाहेरून येत नाही. कॅरोटिनॉइड्स, म्हणजे पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं, पानात आधीपासूनच असतात, हरितद्रव्य मोडत गेलं की ती उघडी पडतात. लाल रंग मात्र बहुतेक झाडांच्या पानांत त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. पानातल्या साखरेपासून अँथोसायनिन बनतं, आणि लख्ख उन्हाचे दिवस व गार रात्री मिळाल्या तर ते जास्त बनतं. सगळ्यात शेवटी टॅनिनचा तपकिरी उरतो. म्हणून शिक्क्यावरही आधी पिवळा, अख्ख्या पानभर. मग कडांना नारिंगी आणि तांबडा, आणि टोकाला व देठाला जरासा तपकिरी. हा क्रम पॅडच्याही भल्याचा आहे. तपकिरी लागलेला शिक्का पिवळ्या पॅडवर एकदा जरी टेकला तरी तो पॅड मळतो, आणि पुढचं प्रत्येक पान मळकट उठतं.

थोडा हिरवा ठेवायचा असेल तर मधल्या शिरेलगत ठेवावा, कारण पुष्कळ पानांत तो तिथेच शेवटपर्यंत टिकतो. हिरवा आणि तांबडा यांच्यामध्ये पिवळ्याचा पट्टा हवाच. ते दोघे थेट भिडले की चिखल होतो.

शाई डाय इंक, म्हणजे कागदात मुरणारी. ती लवकर वाळते आणि रंग एकमेकांत छान मिसळतात. शिक्का पॅडवर दाबायचा नाही. शिक्का उताणा धरायचा आणि पॅड त्याच्यावर हलक्या हाताने टिपत जायचा. दाबला तर शाई खाचांत आणि कडेच्या रबरावर बसते, मग पानाभोवती नको त्या रेघा उठतात. तिसरा रंग लावेपर्यंत पहिला सुकायला लागतो, म्हणून कागदावर टेकवण्याआधी शिक्क्यावर तोंडाने एक-दोनदा ऊबदार वाफ सोडायची. तेवढ्या दमटपणाने शाई पुन्हा जागी होते. पाण्याचा फवारा मारला तर जलरंगासारखे ओघळ मिळतात, पण त्यासाठी जलरंगाचाच कागद लागतो. साध्या कार्डस्टॉकचे पापुद्रे सुटतात.

पारदर्शक पॉलिमरचा शिक्का नवा असला की शाई त्याच्यावर थेंबाथेंबाने गोळा होते आणि ठसा ठिपक्याठिपक्यांचा येतो. दोष शाईचा नसतो, शिक्क्यावरच्या गुळगुळीत थराचा असतो. पांढरं खोडरबर त्याच्यावर हलकं फिरवलं की शाई सारखी बसायला लागते. पॉलिमरच्या शिक्क्याखाली, कागदाच्या मागे, पातळ फोमची गादी ठेवावी. ज्याला स्वतःची फोमची गादी असते त्या लाल रबराच्या शिक्क्याला मात्र टणक टेबलच बरं. दाब सरळ खाली, मनात तीनपर्यंत मोजायचं आणि सरळ वर उचलायचं. जोर लावण्याच्या नादात शिक्का बसवलेला ब्लॉक डोलवला की कडा दुहेरी उठतात.

कागदाचं माप: ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) ए४ कागदाचे मधोमध दोन तुकडे केले की दोन कार्डं होतात. तुकडा २१० मिमी लांब, घडी १०५ मिमीवर. घडीआधी बोन फोल्डरने, म्हणजे घडी घालायच्या बोथट पट्टीने, मोजपट्टीला लावून रेघ कोरायची. मागच्या बाजूला जो उंचवटा येतो तो घडीच्या आत ठेवायचा, म्हणजे कडेला कागद फाटत नाही. पानं थेट कार्डावर उठवू नयेत. ९५ बाय १३८ मिमीच्या वेगळ्या गुळगुळीत तुकड्यावर उठवावीत. चुकलं तर तुकडा जातो, कार्ड वाचतं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. तीच शाई घेतलेला शिक्का आधी कच्च्या कागदावर एकदा टेकवायचा आणि उरलेल्या शाईने कार्डावर उठवायचा. पान फिकं येतं, दूर पडल्यासारखं दिसतं. अशी तीन-चार फिकी पानं मागे, गडद दोन पुढे. एक पान दुसऱ्याच्या मागे लपवायचं तर चिकट चिठ्ठीवर, गोंदाची पट्टी पानाखाली येईल अशा बेताने, पुढच्या पानाचा ठसा घेऊन कापायचा आणि कार्डावरच्या त्याच पानावर झाकण म्हणून लावायचा, मग मागचं पान त्याच्यावरून उठवायचं. कापताना कात्री रेघेच्या किंचित आतून न्यावी. बाहेरून नेली तर दोन पानांमध्ये पांढरी फट राहते.

मजकूर देवनागरीत हवा म्हणून तो शिक्का खोडरबरावर कोरलेला. अक्षरं ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने काढून कागद पालथा घासला की ती आपोआप उलटी उतरतात. शिरोरेषा दीड-दोन मिमी जाड ठेवावी. बारीक ठेवली तर छापताना तिथेच तुटते. अनुस्वाराचा ठिपका कोरताना सुटून येतो, त्याच्या बुडाशी रबर उतरतं ठेवावं, सरळ कापू नये.

मजकुराला तांब्याच्या रंगाची एम्बॉसिंग पावडर, म्हणजे उष्णतेने वितळून अक्षरं उठावदार करणारी पूड. त्याआधी पानांची शाई पूर्ण वाळलेली असावी, नाहीतर पावडर पानांनाही चिकटते. पावडर नको तिथे चिकटू नये म्हणून कागदावर अँटिस्टॅटिक पुरचुंडी फिरवायची, चिकट पारदर्शक शाईने ठसा घ्यायचा, पावडर टाकून जास्तीची झटकायची. गरम हवा सोडणारी हीट गन आधी बाजूला धरून तापू द्यावी, मग मजकुरावर आणावी. पावडर वितळून चकाकली की तिथून लगेच हलायचं. थांबलं तर ती कागदात मुरते, अक्षरं तेलकट दिसतात आणि कागद वाकतो.

जोडताना पातळ गोंद नको, तुकडा लहरतो. चारही कडांना दुहेरी टेप पुरते. पोस्टाने जाणार असेल तर जाड फोम टेप टाळावी. सी६ पाकीट ११४ बाय १६२ मिमीचं, त्यात सपाट कार्ड अलगद सरकतं. आत लिहायला उजवी बाजू रिकामी ठेवली आहे. खालच्या कोपऱ्यात फक्त एक फिकं पान.